थोरल्याचा नारळ

जुलै २००४. दक्षिण आफ्रिका, जंगलातल्या मुक्कामाची पहिली सकाळ. हजर: शहापूरचे डॉक्टर आणि त्यांची पत्नी; वाशिंदचे निवृत्त गणिताचे मास्तर; आसनगावच्या तीन मैत्रिणी, तिघीही एकाच बँकेतून निवृत्त; मुरबाडचे ठेकेदार आणि त्यांची आई; तिथलाच एक गाडीवान; सहलीची व्यवस्था बघणारी मी. आणि स्वयंपाकाला मावशी. सगळे गाडीत चढले होते. मावशी फाटकाशी उभी होती, हात पदराखाली घेतलेले, आणि गाडीकडे न बघता गाडीच्या पुढच्या जंगलाकडे बघत होती.

मावशी वाघाचं नाव घेत नसे. बिबट्याचंही नाही. मुरबाडच्या पुढे घाटाकडच्या तिच्या गावात कोणीच घेत नाही. ‘जनावर’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला कळतं. आफ्रिकेत आल्यावर सिंहालाही तिने हाच नियम लावला, फक्त मान थोडा वाढवला. सिंह म्हणजे ‘थोरला’. डॉक्टरांनी तिला छेडलं की हरीण, रानडुक्कर, सगळीच जनावरं, मग नेमकं कोणतं ते समजायचं कसं? मावशीने पोळी उलटली आणि म्हणाली, “हरनाला कोन जनावर बोलतं, डाक्टर?” हत्तीला मात्र ती खुशाल हत्ती म्हणायची. गणपतीचं नाव घ्यायला भीती कसली, असं तिचं म्हणणं.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते नव्वदच्या दशकात, मुरबाडला, चुलतभावाच्या लग्नात. मांडवामागे आचारी धावत होते, ओरडत होते, आणि एका पाटावर बसून एक बाई सगळं चालवत होती. ती उठत नव्हती. पातेलं तिच्याकडे यायचं, ती डाव उचलून वास घ्यायची आणि पातेलं पुढे जायचं. मी तेव्हा कल्याणच्या नोकरीतून सुटी काढून लहान सहली नेऊ लागले होते आणि एक गोष्ट शिकले होते: सहलीतला माणूस पाऊस सोसतो, खाट सोसतो, बायकोच्या भावाला सोसतो, वाईट जेवण सोसत नाही. पंगत उठल्यावर मी मावशीकडे गेले. येणार का, विचारलं. किती लांब, हे तिने विचारलं नाही. चूल कसली असेल, एवढंच विचारलं.

आधी कर्नाटक झालं, मग राजस्थान. मग मी नोकरी सोडली, आणि मावशीचा पासपोर्ट निघाला. आफ्रिकेच्या सहलीने गावात बरीच चर्चा झाली, कारण तिकडच्या जंगलाचा चांगला काळ म्हणजे त्यांचा हिवाळा, आणि त्यांचा हिवाळा म्हणजे आपली भातलावणी. तिच्या जावेने भर बांधावर म्हणून घेतलं, सून चिखलात आणि सासू इमानात. मावशीने जाताना सुनेच्या हातात आल्याचा काढा ठेवला आणि जावेला सांगितलं की इमानातही स्वयंपाकच करायला चाललेय, राज्य करायला नाही.

पहिल्या पहाटे तिथली थंडी अंगात शिरली तेव्हा तिने घोंगडी दोनदा गुंडाळली आणि म्हणाली, “आषाढात थंडी. देवानं पंचांग उलटा धरलाय गो.” मी तिला समजावलं की हीच थंडी आपल्या कामाची. पानं गळलेली असतात, गवत वाळलेलं असतं, पाणवठे आटलेले असतात. जनावरं उरलेल्या पाण्यावर येतात आणि लांबून दिसतात. तिने ऐकून घेतलं. दिसतात, हा त्यातला शब्द तिला आवडला नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

ती गाडीत बसायची नाही. आमचा मुक्काम एका कोरड्या नदीच्या काठावर, तारेच्या कुंपणाच्या आत होता. ओट्यावर बसून नदीचं पात्र दिसे, आणि भाजी निवडता निवडता तिला जे दिसेल ते ती बघे. तिचे वडील बैलांची खरेदी-विक्री करत. मुरबाडजवळच्या म्हसा गावी भरणाऱ्या गुरांच्या जत्रेत तिचं लहानपण गेलं होतं, त्यामुळे आफ्रिकेतलं प्रत्येक चौपायी तिने जत्रेतल्यासारखं पारखलं. झेब्रा म्हणजे रंगवलेलं खेचर, त्यात घेण्यासारखं काही नाही. जिराफाला गोठा कुठल्या उंचीचा बांधायचा? नू नावाचा प्राणी तिने बराच वेळ न्याहाळला आणि निकाल दिला की पुढून बैल, मागून गाढव, याला म्हशात कोणी दावणीलाही उभं करणार नाही. रानरेड्यांचा कळप आला तेव्हा मात्र ती सुरी खाली ठेवून उभी राहिली. खांदा चांगला आहे, म्हणाली. पण डोळ्यांत उपकाराची जाण नाही.

तिची एक सवय मला फार जाचक होती. आमची गाडी बाहेर असेपर्यंत ती गॅस बंद करायची नाही. स्वयंपाक झालेला असो, नसो, एका बर्नरवर बारीक आच चालूच. पातेलंसुद्धा नाही वर, नुसती ज्योत. मुक्कामावर सिलिंडर छोटे, दुकानात त्यांची टंचाई, आणि सामानाचा हिशोब बघणारी मी. मी दोनदा बंद केला, तिने दोनदा लावला. बोलली एवढंच, “मानूस बाहेर असताना चूल विझवायची नाय.” राजस्थानातही ती हेच करत असे, पण तिथे धर्मशाळेचा गॅस होता, म्हणून मी खपवून घेतलं होतं.

तीन दिवस झाले आणि सिंह दिसला नाही. बाकी सगळं दिसलं. हत्ती रस्ता अडवून उभे राहिले, पाणघोडे दिसले, मास्तरांनी पक्ष्यांची नावं लिहून वही अर्धी भरली. पण आमच्या पत्रकावर सिंहाचं चित्र होतं, आणि माणसं चित्रावर पैसे भरतात. शेजारच्या घरांत उतरलेला परदेशी गट रोज संध्याकाळी कॅमेऱ्यातले सिंह दाखवायचा. ठेकेदार ते नम्रपणे बघायचे आणि परत येऊन जेवायचे नाहीत. मला पाय सुजलेले, झोप अपुरी आणि प्रत्येकाच्या गोळ्या लक्षात ठेवायच्या. त्यात आता न दिसलेल्या सिंहाचाही हिशोब माझ्याकडेच मागितला जाऊ लागला.

चौथ्या दिवशी ठेकेदारांची आई मावशीसोबत वाटाणे सोलायला बसली. दोघींची गावं जवळची. बोलता बोलता मावशीने सहज सांगून टाकलं की निघण्याआधी ती गावाच्या शिवेवर वाघोबाच्या दगडापाशी गेली होती आणि बोलली होती, माझ्या हातचं खाणाऱ्या माणसांच्या वाटेत येऊ नको, सगळी परत आली की वाघबारशीला नारळ देईन. आमच्या भागात दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. गुराखी त्या दिवशी वाघोबाला मान देतात, की वर्षभर गुरांना हात लावू नको. मावशीने फक्त गुरांच्या जागी आमची सहल घातली होती.

आईने हे कौतुकाने मुलाला सांगितलं. शहरातल्या माणसाने ते हसण्यावारी नेलं असतं. पण ठेकेदार मुरबाडचे. त्यांनी बशी खाली ठेवली. ते चिडले नाहीत, हेच जास्त अवघड होतं. ओट्याच्या पायरीशी येऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, “मावशी, आमी त्याला बघाया एवढ्या लांब आलो, आनि तुमी त्याला घरी बसवलात?”

“घरी नाय बसवला,” मावशी म्हणाली. “वाटेतून बाजूला हो बोलली.”

“अहो, वाटेतच तर बघायचा होता.”

त्यानंतर दुपारपर्यंत मुक्कामावर दुसरा विषय नव्हता. ठेकेदारांच्या आईने मुलालाच सुनावलं की मावशीने केलं ते बरोबर केलं. बँकेतल्या तिघींत दोन पक्ष पडले. मास्तरांनी सांगितलं की तीन दिवसांत सिंह न दिसणं ही साधी शक्यतेची गोष्ट आहे, आणि ते कोणीही ऐकलं नाही. डॉक्टर सर्वांत मोठ्याने हसले. मग दुपारी एकटेच स्वयंपाकघरात आले, लिंबू मागितलं, ते कापून होईपर्यंत उभे राहिले आणि विचारलं की अशा गोष्टीत काही उतारा वगैरे असतो का.

शेवटी ते काम माझ्याकडे आलं. माझा नवसावर विश्वास नव्हता, आणि तरी पुढच्या हंगामाची निम्मी नावं याच लोकांच्या तोंडून यायची होती. मावशी पायरीवर बसून कढई घासत होती. मी शेजारी बसले. दोघींनीही दुखरे पाय पुढे पसरले. मग मी म्हटलं, मावशी, तो नवस मागे घेता येईल का?

तिने कढई घासणं थांबवलं नाही. तिच्या नवऱ्याविषयी मी फक्त तो गेला आहे एवढंच जाणत होते. आता तिने सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी कालवड घरी आली नाही. तो शोधायला ओढ्याकडे गेला. जनावर कालवडीवर बसलेलं होतं. नवऱ्याने हाकललं, आणि जनावराने त्याचा खांदा धरला. जीव वाचला, पण उजवा हात कमरेच्या वर उचलेना. तो लग्नाच्या पंगतीला जायचा बंद झाला, डाव्या हाताने खाताना लोक बघतात म्हणून. आणि घर चालवायला मावशी लोकांच्या लग्नात रांधायला जायला लागली.

“त्याचा हात गेला, मंग माझा चालू झाला,” ती म्हणाली. मग कढई उपडी ठेवली. “त्या सांजेला मी चूल विझवली होती गो बाय. राग आला होता. उशीर करतो, खा थंड भाकर बोलली.”

मला तिला सांगता आलं असतं की चुलीचा आणि खांद्याचा काही संबंध नाही. मी ते सांगितलं नाही. गॅसवरची बारीक ज्योत खिडकीतून दिसत होती, कारण तेव्हाही आमचे दोन जण कुंपणाच्या बाहेरच्या दुकानात गेले होते.

मागे घेणं नाही, असं तिने सांगितलं. बोललेलं मागे घेतलं तर आपलं माणूस उघडं पडतं. पण बदलता येतं. नारळ तोच, फक्त ‘बाजूला हो’च्या ऐवजी ‘लांबून दिस’ असं सांगायचं. मी म्हटलं, मग सांगा की. ती माझ्याकडे, मी मीठ विसरल्यासारखं बघत राहिली.

“इथून कसा सांगू? बोलना बदलायचा तर समोर जायाला लागतं.”

म्हणजे गाडीत बसायला लागतं. आणि मावशी गाडीत बसली तर माणसं बाहेर असताना चूल कोण बघणार, हा पुढचा प्रश्न तिने विचारलाच नाही. नुसती गॅसकडे बघत राहिली. मी बघेन, असं मी बोलून गेले.

दुसऱ्या पहाटे ती गाडीवानाच्या शेजारी बसली. घोंगडी डोक्यावरून, पाय वर घेतलेले, जशी बैलगाडीत बसावी तशी. ठेकेदारांनी स्वतःची कानटोपी काढून तिला दिली. गाडी फाटकाबाहेर गेली. मी आत येऊन ज्योतीसमोर खुर्ची घेतली.

बसून करण्यासारखी कामं मी नेहमी जवळ ठेवते. परतीच्या बॅगांची यादी केली. गोळ्यांच्या डब्या लावल्या. सिलिंडर हलवून बघितला तर तो फारच हलका लागला. दुकान उघडायला अवकाश होता. बाहेर उजाडत होतं, तारेवर दव गोठलं होतं, आणि नदीच्या पात्रातून तांबूस रंगाची हरणं एकामागे एक पाण्याकडे चालली होती. एरवी मी ती बघितली असती. माझं लक्ष ज्योतीवर होतं. ती निळ्याची पिवळी झाली, मग तिची एक बाजू विझली. बंद केला आणि गाडी आल्यावर पेटवला, तर कोणाला कळणार होतं? काही बिघडणार नव्हतं. मी उठले, वाटीत तेल ओतलं, मावशीच्या पिशवीतल्या कापसाची वात वळली, आणि शेवटची बाजू विझायच्या आत ती त्याच ज्योतीवर पेटवून घेतली. मग खिडकी लावली, वाऱ्याला पाठ करून बसले. हे मी का करते आहे, हे मला कोणी विचारलं असतं तर मी चिडले असते.

गाडी आली ती आवाजानेच कळली. सगळे एकदम बोलत होते. डॉक्टर म्हणत होते भला मोठा, मास्तर म्हणत होते वयस्कर, बँकेतल्या तिघींना तीन वेगवेगळ्या वेळी तो आपल्याकडेच बघताना दिसला होता. ठेकेदार मात्र आधी खाली उतरले. त्यांनी मावशीला हात धरून उतरवलं.

ती थेट स्वयंपाकघरात आली. विझलेला गॅस बघितला. वाटीतला दिवा बघितला. म्हणाली, “वात जाड वळलीस.” मग दुसरीकडे वळून चहाचं पातेलं घेतलं, आणि मी सिलिंडर मागवायला उठले.

दुपारी पायरीवर तिने मला सांगितलं. तो झुडपातून नाही आला. सरळ रस्त्याच्या मधून, गाडीच्या पुढून चालत होता, रात्रभर कामावर जाऊन आलेल्या माणसासारखा. हाडं दिसत होती. मानेवरचे केस झडलेले. मागे गाड्यांची रांग लागली होती आणि त्याला तिचं काही नव्हतं. मध्येच थांबला, वळला, आणि बघितलं.

मी विचारलं, मग तुम्ही सांगितलंत का त्याला?

“काय सांगनार? दमलेला होता गो. आपल्यासारखा.” तिने गुडघ्यावरून हात फिरवला. “बस बोलली त्याला. आमी जातो.”

आणि तो बसला, असं मला नंतर ठेकेदारांनी सांगितलं. रस्त्याच्या कडेला, गवतात. गाडीवानाने गाडी हळूच बाजूने काढली. ठेकेदारांकडे दोन कॅमेरे होते. त्यांनी एकही फोटो काढला नव्हता.

त्या दिवशी मावशीने माझ्यावर एक नारळ लावला. तिचा होताच, पण चूल तू राखलीस, म्हणजे तुझंही बोलणं त्याच्याशी झालं, असा तिचा हिशोब. एक माझा, एक तुझा. तुझा तुझ्याच हाताने, वाघोबाच्या दगडासमोर जाऊन. मी यादीत लिहून घेतलं.

पुढचे दोन हिवाळे ती पुन्हा आफ्रिकेत आली. गाडीत परत कधी बसली नाही; एकदा भेट झाली, पुरे, म्हणायची. मी तिच्यासाठी एक सिलिंडर जास्तीचा घेऊ लागले आणि खर्चाच्या कागदावर तो ‘स्वयंपाक’ या रकान्यात टाकू लागले. मग तिचे गुडघे गेले. ती गावी राहिली, ओट्यावर बसून सुनेला स्वयंपाक सांगायची. दरवर्षी वाघबारशीच्या आधी तिच्या नातवाकडून फोन लावून घ्यायची. पण दिवाळी हा आमच्या धंद्याचा ऐन हंगाम. मी तेव्हा कधी केरळात, कधी आणखी कुठे. ती रागावायची नाही. थोरल्याला घाई नाय, म्हणायची. पन तुझ्याच हातानं हो.

एका वर्षी भात कापणीला आलं असताना ती गेली. मी तेव्हा घरी होते, हे एक बरं झालं. दिवसकार्याला मांडवामागे आचारी धावत होते, ओरडत होते, आणि पाटावर कोणी बसलेलं नव्हतं. भात खाली लागला होता. सगळे तसंच जेवले.

त्या वाघबारशीला मी सहल दुसऱ्याकडे सोपवली आणि नारळ घेऊन तिच्या गावी गेले. शिवेवर दगड नव्हता. भिंत होती, पुरुषभर उंचीची, आणि लोखंडी फाटक. आत कोणाचं तरी सुटीचं घर. मुंबईचे मालक, वर्षातून एखाद्या वेळी येणारे. राखणदाराने फाटक उघडलं नाही, मालकांची परवानगी नाही म्हणाला. तो काही चुकीचं बोलत नव्हता.

भिंत कोणी बांधली ते मावशीच्या सुनेने सांगितलं. मी मुरबाडला ठेकेदारांच्या घरी गेले. त्यांची आईही आता थकली होती. तिने मला ओळखलं आणि मावशीच्या हातच्या वाटाण्याच्या उसळीची आठवण काढली. ठेकेदारांनी चहा दिला आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलं नाही.

“मी दगड हलवला नाय, बाई,” ते म्हणाले. “मालक बोलले, उचलून बाहेर टाक. मी बोललो, नाय जमनार. मंग भिंतच त्याच्या बाहेरून घेतली.” त्यांना वाटलं होतं, हे बरं केलं. दगड आपल्या जागी राहील, शेंदूर राहील. गावातली माणसं आत कशी जाणार, हे भिंत पुरी झाल्यावर लक्षात आलं.

गुराखी आता वाघबारशीला भिंतीपाशी उभे राहून नारळ फोडतात. मलाही सुनेने तेच सुचवलं. चालतं, म्हणाली, त्याला कळतं. कळत असेल. पण मला समोर जाऊन द्यायला सांगितलेलं आहे.

ठेकेदारांनी मला मालकांचा नंबर दिला. मी दरवर्षी तो नव्या वहीत उतरवून घेते. दोनदा फोन लागला. एकदा मालकीणबाई म्हणाल्या, आम्ही आत देवबिव ठेवलेला नाही, आणि एकदा म्हणाल्या, यांना विचारून सांगते. अजून सांगितलेलं नाही. नारळ फ्रीजच्या डोक्यावर आहे. मागचा वाजायचा बंद झाला, म्हणून गेल्या महिन्यात बदलला. कोणी उशिरापर्यंत बाहेर असलं की मी गॅस बारीक ठेवते, आणि घरातले आता त्याबद्दल विचारत नाहीत. यंदाची वाघबारस जवळ आली आहे. मालकांना पुन्हा फोन करायचा आहे.